वाचक विचारतात : काटा नक्की काय मोजतो?

मागच्या अंकात मी एवढंच लिहिलं होतं की बल कुणालाच दिसत नाही, ते कशाला तरी ताणतं, दाबतं, वाकवतं किंवा पळवतं तेव्हाच आपल्याला कळतं, आणि म्हणून जगातला जवळपास प्रत्येक वजनकाटा खरं तर ‘किती ताणलं’ किंवा ‘किती वाकलं’ एवढंच बघतो आणि किलो आपण त्याच्यावर छापतो. यावर इतकी पत्रं आली की मी दोन रात्री तीच वाचत बसले होते. जास्त करून काट्यांबद्दलच आहेत, त्यामुळे हे अख्खं पान काट्यांना दिलंय.

सुरू करायच्या आधी एक गोष्ट, म्हणजे पुढे अडायला नको. बल मोजायचं एकक न्यूटन. १ किलोच्या वस्तूचा वेग दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंदाने वाढवायला जेवढा जोर लागतो तो १ न्यूटन. ऐकायला अवघड वाटतं पण दोन बऱ्यापैकी मोठी लिंबं तळहातावर ठेवा, साधारण १०० ग्रॅम, ती हाताला जेवढी खाली दाबतात तेवढा जोर म्हणजे जवळपास १ न्यूटन. आणि १ किलोची पिशवी हाताला ओढते ते साधारण ९.८ न्यूटनने. किलो हे त्या वस्तूत माल किती आहे त्याचं माप, म्हणजे वस्तुमान, आणि न्यूटन हे पृथ्वी त्या मालाला किती ओढते त्याचं. रोजच्या बोलण्यात दोन्हीला आपण वजनच म्हणतो आणि बाजारात त्याने काही बिघडत नाही, पण खालच्या दुसऱ्या प्रश्नात बिघडलंय.

प्रश्न : ताई, मी नववीत आहे. आमच्या वर्गात पैज लागली आहे. एका ताणकाट्याला दोन्ही बाजूंनी दोघांनी २०-२० किलोच्या जोराने ओढलं तर काटा किती दाखवेल? मी म्हणतो ४०, मित्र म्हणतो शून्य कारण दोन्ही जोर एकमेकांना मारतात. कोण बरोबर? (कराड)

बाळा, दोघंही चुकलात, काटा २० दाखवेल. पण नुसतं मी म्हणते म्हणून ऐकू नकोस, हे घरी करून बघ. प्रवासाच्या बॅगा मोजायचा छोटा लटकवायचा काटा मिळतो ना, तो घे, त्याची एक बाजू खिडकीच्या ग्रिलला बांध आणि दुसरी बाजू २० येईपर्यंत ओढ. आता विचार कर, ग्रिल काय करतंय? तू ओढतोयस २० ने आणि काटा तर तुझ्या अंगावर येत नाहीये, जागच्या जागी आहे, म्हणजे ग्रिलही त्याला पलीकडून २० नेच धरून ओढतंय. आता ग्रिल सोडून तिथे मित्राला उभा कर. काट्यातल्या स्प्रिंगला पलीकडे ग्रिल आहे की मित्र आहे हे कसं कळणार? तिला दोन्हीकडून २०-२० चा ताण आहे आणि ती तेवढीच लांबणार. पलीकडे कुणीच धरलं नाही तर काटा नुसता तुझ्यासोबत घसरत येईल आणि आकडा जवळपास शून्यच राहील. म्हणजे ताण हा एकट्याने होतच नाही, त्याला दुसरी बाजू लागतेच. न्यूटनने १६८७ मध्ये आपल्या ग्रंथात मांडलेला तिसरा नियम तो हाच, पुस्तकात ‘क्रिया आणि प्रतिक्रिया’ म्हणून पाठ करतो तो. दोन काटे मिळाले तर एकमेकांत अडकवा आणि दोघं जण ओढा, कितीही हिसके द्या, दोन्हीवर आकडे बरोबरीनेच वर-खाली होतात. माझ्या प्रॅक्टिकलच्या बॅचला मी दरवर्षी हे करायला लावायचे आणि दरवर्षी कुणीतरी ‘मी जास्त जोर लावतो’ म्हणून पुढे यायचं आणि दोन्ही आकडे सारखेच वाढायचे.

मग तुझा पुढचा प्रश्न मला आत्ताच ऐकू येतोय, असं असेल तर रस्सीखेच कोण कसं जिंकतं? दोराचा ताण दोन्ही टीमला जवळपास सारखाच असतो. जिंकणं-हरणं दोरात नाही, पायाखाली ठरतं. जमीन आपल्याला किती घट्ट धरते, म्हणजे घर्षण किती मिळतं, त्यावर. फरशीवर एका टीमला मोजे घालून उभं करा आणि दुसरीला अनवाणी, मोजेवाले कितीही तगडे असले तरी घसरत येतील. म्हणून तर मैदानात मागचा भिडू टाच रोवतो, सगळे मागे कलतात आणि टीममध्ये वजनदार पोरं घेतात कारण जमिनीवर दाब जास्त तर पकड जास्त. बैलगाडीचंही हेच. गाडी बैलाला तेवढीच मागे ओढते तरी पुढे जाते, कारण बैल खुराने जमीन मागे रेटतो आणि जमीन त्याला पुढे रेटते. पावसाळ्यात चिखलात गाडी रुतली की आधी बैलाचे पाय घसरताना बघितले असतील.

ही स्प्रिंगची गोष्ट इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हुकने शोधली, जेवढा ताण तेवढी लांबण. १६७६ मध्ये त्याने ती अक्षरं उलटीपालटी करून कोड्यात छापली, म्हणजे शोध आपल्या नावावर राहील आणि कुणाला कळणारही नाही, आणि दोन वर्षांनी कोडं सोडवून सांगितलं. फक्त हे खरं कुठपर्यंत, तर स्प्रिंग तिच्या हद्दीत असेपर्यंत. आमच्या लॅबमध्ये एक ताणकाटा होता त्याला कुणीतरी त्याच्या ताकदीबाहेर लटकवलं होतं, तेव्हापासून तो रिकामाच ३० ग्रॅम दाखवायचा. असा काटा मोजायला घेतलात तर आधी रिकाम्याचा आकडा बघा.

प्रश्न : मॅडम, आमचं रत्नागिरीत सराफी दुकान आहे. दिल्लीच्या एका ओळखीच्या व्यापाऱ्याकडून त्याच्याकडे रोज वापरात असलेला इलेक्ट्रॉनिक काटा घेतला. तिथे माझ्यासमोर १०० ग्रॅमचं प्रमाणित वजन ठेवलं तेव्हा बरोबर १००.०० आलं. इथे आणून आमचं १०० ग्रॅमचं वजन ठेवलं तर ९९.९३ दाखवतोय. वजनही तपासून घेतलेलं आहे. प्रवासात काटा बिघडला का?

तुमचं पत्र वाचून मला फार आनंद झाला, कारण पुस्तकात जे आपण ‘अगदी थोडा फरक’ म्हणून सोडून देतो ते तुम्हाला दुकानात दिसलंय. काटा बिघडलेला नसण्याची दाट शक्यता आहे.

पृथ्वी सगळीकडे सारखं ओढत नाही. ती स्वतःभोवती फिरते आणि पोटाला थोडी फुगलेली आहे, त्यामुळे गुरुत्व त्वरण, म्हणजे १ किलोला पृथ्वी जितक्या न्यूटनने ओढते तो आकडा, विषुववृत्तावर ९.७८० आणि ध्रुवावर ९.८३२. दिल्ली आपल्यापेक्षा बरीच उत्तरेला, तिथे साधारण ९.७९१ येतं आणि रत्नागिरीला ९.७८५ च्या आसपास. फरक दहा हजारात सहा-सात भागांचा. १०० ग्रॅमला तो होतो साधारण ७० मिलिग्रॅम, आणि तुमच्या काट्याने नेमके तेवढेच कमी दाखवलेत! कांदे-बटाटे मोजताना हे कुणाला कळणारही नाही, ५० किलोच्या पोत्याला जेमतेम ३०-३५ ग्रॅम, पण सोन्यात ७० मिलिग्रॅम म्हणजे काय ते तुम्हाला मी सांगायला नको. आणि विकताना नुकसान तुमचं होतंय बरं का, कारण काट्यावर १०० यायला तुम्हाला जवळपास १००.०७ ग्रॅम सोनं ठेवावं लागतंय.

तुमचा काटा सोनं मोजतच नाही, सोन्याला पृथ्वी किती ओढते ते मोजतो आणि दिल्लीत शिकवलेल्या हिशोबाने त्याचे ग्रॅम करतो. तुमच्या आजोबांचा पेटीतला दोन पारड्यांचा तराजू असेल तर काढून बघा, तो दिल्लीत, रत्नागिरीत, अगदी चंद्रावरही तेच सांगेल, कारण एका पारड्यात सोनं आणि दुसऱ्यात वजन, ओढ कमी झाली तर दोन्हीची सारखीच कमी होते. तराजू माल मोजतो, स्प्रिंगचा आणि इलेक्ट्रॉनिक काटा ओढ मोजतो.

उपाय सोपा आहे, काटा जिथे वापरायचा तिथेच त्याचं कॅलिब्रेशन करायचं, म्हणजे प्रमाणित वजन ठेवून त्याला सांगायचं की ‘इथे एवढी ओढ म्हणजे १०० ग्रॅम’. काही चांगल्या काट्यांत आतच एक छोटं वजन बसवलेलं असतं, बटण दाबलं की तो स्वतःला तपासतो. पण तुमचा काटा विक्रीसाठी वापरायचाय, तेव्हा सील स्वतः काढायला जाऊ नका. परवानाधारक दुरुस्तीवाल्याकडून करून घ्या आणि वैधमापन शास्त्र विभागाकडून पडताळणी करून नवा शिक्का मारून घ्या. इलेक्ट्रॉनिक काट्याला हे दर वर्षी लागतं, साध्या वजनांना आणि दांडीच्या तराजूला दोन वर्षांनी.

आता थोडं विषयांतर, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही. मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या सराफी काट्यांपैकी बऱ्याच काट्यांत स्प्रिंग नसतेच, आत चुंबक आणि तारेची गुंडाळी असते, तुम्ही सोनं ठेवलं की पारडं खाली जायला बघतं आणि गुंडाळीतला करंट वाढवून काटा त्याला परत वर उचलून धरतो, उचलायला किती करंट लागला त्यावरून वजन. आणि आज जगाचा किलोग्रॅम जिथे ठरतो तिथलं यंत्र, किबल बॅलन्स, याच जातीचं आहे. ब्रायन किबल नावाच्या इंग्रज शास्त्रज्ञाने १९७५ मध्ये ती कल्पना मांडली. १८८९ पासून किलो म्हणजे पॅरिसजवळच्या सेव्र गावी कपाटात ठेवलेला प्लॅटिनम-इरिडियमचा एक छोटा सिलिंडर होता, त्याची ५७ नंबरची प्रत आपल्याकडे दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेत आहे. २० मे २०१९ पासून तो सिलिंडर निवृत्त झाला आणि किलो प्लांकच्या स्थिरांकावरून, म्हणजे निसर्गातल्या एका न बदलणाऱ्या आकड्यावरून, ठरायला लागला.

प्रश्न : नमस्कार ताई, मी ऊस उत्पादक आहे. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या खाजगी वजनकाट्यावर मोजून मग कारखान्यावर नेल्या. फरक २२० किलोचा, कारखान्यावर कमी. दोन्ही काटे कॉम्प्युटरचे. एवढं मोठं ओझं हा काटा आतून मोजतो कसा, आणि फरक कुठून येतो? (सांगली जिल्हा)

दादा, तुमचा प्रश्न मी मुद्दाम सविस्तर घेतेय. वर्षभर राबून पिकवलेल्या उसाचा हिशोब या एका आकड्यावर होतो आणि तो आकडा येतो कुठून हे मोजून घेणाऱ्याला माहीत असायलाच पाहिजे.

मागे माझा स्वयंपाकघरातला छोटा काटा बंद पडला तेव्हा मी तो स्क्रू-ड्रायव्हरने उघडला. आत काय होतं, तर बोटाएवढी ॲल्युमिनियमची एक पट्टी, मधोमध आरपार भोक, वर-खाली पांढऱ्या चिकट पदार्थाखाली काहीतरी चिकटवलेलं आणि त्यातून निघालेल्या चार बारीक वायर, लाल, काळी, हिरवी, पांढरी. बास. याला लोडसेल म्हणतात. पट्टी अंगठ्याने दाबली तर डोळ्याला काहीही वाकलेलं दिसत नाही पण ती वाकते. चिकटवलेलं असतं ते म्हणजे नागमोडी वळवलेली अतिशय पातळ धातूची पट्टी, स्ट्रेनगेज. पट्टी ताणली की ती लांब आणि बारीक होते आणि तिचा विजेला होणारा विरोध वाढतो, दाबली गेली की कमी होतो. किती? पूर्ण ओझ्याला लांबण साधारण हजारात एक भाग. म्हणजे ३ मिलिमीटरच्या गेजला ३ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग), आपला केस त्याच्यापेक्षा वीसेक पट जाड असतो. एवढ्याने ३५० ओहमच्या गेजचा विरोध जेमतेम ०.७ ओहमने बदलतो.

हे मोजायला चार गेज एका चौकोनात जोडतात, दोन ताणले जाणारे, दोन दाबले जाणारे. गंमत म्हणजे ऊन लागून चारही तापले तरी चौघांत सारखाच बदल होतो आणि तो आपोआप कटतो, उरतो फक्त ओझ्याचा. ५ किलोच्या घरगुती काट्यात ५ व्होल्ट दिले तर पूर्ण ओझ्याला बाहेर येतात फार तर १० मिलिव्होल्ट, म्हणजे १ ग्रॅमला २ मायक्रोव्होल्ट, पेन्सिल सेलच्या साडेसात लाखाव्या भागाएवढं! ही गेजची युक्ती १९३८ मध्ये अमेरिकेत सिमन्स आणि रूज या दोघांना वेगवेगळी सुचली आणि आज किराणा दुकानापासून उसाच्या काट्यापर्यंत तीच चालते.

तुमच्या वजनकाट्यात हीच गोष्ट पोलादी आणि मोठी. लांबलचक प्लॅटफॉर्म सहा-आठ लोडसेलवर तरंगल्यासारखा बसवलेला असतो, सगळ्यांच्या सिग्नलची बेरीज होऊन केबिनमध्ये आकडा येतो. वरच्या दिल्ली-रत्नागिरीचा फरक तुम्हाला लागू नाही, एकाच तालुक्यातल्या दोन काट्यांत तो जवळपास नसतोच आणि प्रत्येक काटा जागेवरच तपासलेला असतो. मग २२० किलो कुठून? मी तिथे नव्हते, त्यामुळे कुणावर आरोप करणार नाही, पण काय काय बघायचं ते सांगते.

सगळ्यात आधी शून्य. तुमचं वाहन चढायच्या आधी स्क्रीनवर शून्य आहे का ते स्वतः बघा, भरलेल्याला आणि रिकाम्याला दोन्ही वेळा. प्लॅटफॉर्म आणि बाजूच्या भिंतीच्या फटीत दगड, उसाची चिपाडं किंवा चिखल अडकला तर काही ओझं लोडसेलवर न जाता सरळ भिंतीवर जातं, काटा कमी दाखवतो आणि तेही दर वेळी वेगवेगळं. दुसरं म्हणजे वाहन पूर्ण प्लॅटफॉर्मवर हवं, ट्रॉलीचं मागचं चाक कडेला टेकलं तरी गेलं. ड्रायव्हर भरलेल्याला खाली उतरला आणि रिकाम्याला बसून राहिला तर सत्तरेक किलो तिथेच कमी झाले, उलट केलं तर तेवढेच वाढले. डिझेल मधे जळतं, ते भरलेल्यात असतं आणि रिकाम्यात नसतं. आणि ऊस तोडल्यावर वाळतो, रांगेत दिवसभर उन्हात ट्रॉली उभी राहिली तर वजन खरंच घटतं, तिथे काट्याचा दोष नाही, पण नुकसान तुमचंच. त्यामुळे दोन्ही पावत्यांवरची वेळ लिहून ठेवा.

काटा नीट आहे का हे बघायची एक चाचणी कुणालाही कळेल अशी आहे. एकच जड वस्तू किंवा छोटं वाहन प्लॅटफॉर्मच्या पुढच्या टोकाला, मधे आणि मागच्या टोकाला उभं करायचं, तिन्हीकडे आकडा सारखाच आला पाहिजे. एका टोकाला वेगळा आला तर तिथला लोडसेल किंवा त्याची जोडणी बघावी लागेल. शिवाय पडताळणीचा शिक्का चालू वर्षाचा आहे का ते बघा, वैधमापन विभागाचं प्रमाणपत्र दर्शनी भागात लावलेलं असायला हवं. शंका राहिलीच तर एकट्याने भांडत बसू नका. चार-पाच जणांनी तारीख, वेळ, दोन्ही पावत्या लावून विभागाकडे लेखी तक्रार करा, प्रमाणित वजनं ठेवून तपासायचं काम त्यांचंच आहे. एका दिवसाचा फरक काहीही असू शकतो, पण दहा खेपांत दर वेळी एकाच बाजूला फरक येत असेल तर तो योगायोग नसतो.

प्रश्न : पंक्चरवाला ‘३० पौंड हवा भरली’ म्हणतो. हवेचं वजन ३० पौंड कसं असेल? (नाशिक)

नसतंच. तो म्हणतो ते दर चौरस इंचावर ३० पौंडाचा जोर, म्हणजे दाब. जोर भागिले जागा. आपल्या मापात दर चौरस सेंटिमीटरला साधारण २.१ किलोचा. याच्यावरून एक मस्त हिशोब निघतो. १००० किलोची कार, प्रत्येक चाकावर २५०. भागिले २.१, आले साधारण १२० चौरस सेंटिमीटर. म्हणजे तुमची गाडी एका चाकाखाली जवळपास एका पोस्टकार्डाएवढ्या जागेवर उभी आहे, अख्खी गाडी चार पोस्टकार्डांवर! टायरच्या रबरामुळे थोडं इकडेतिकडे होतं. पण ब्रेक मारताना रस्ता गाडीला धरतो तो एवढ्याच जागेत, म्हणून गोटा झालेले टायर बदला म्हणून मी सगळ्यांच्या मागे लागते.

प्रश्न : लिफ्टमध्ये वजनकाट्यावर उभं राहिलं तर वजन वाढतं म्हणे, खरं का?

खरं. लिफ्ट वर निघताना ती तुमचा वेग वाढवते, त्यासाठी काट्याला तुम्हाला जास्त रेटावं लागतं. ६० किलोचा माणूस असेल आणि लिफ्टचा वेग दर सेकंदाला १ मीटर प्रति सेकंदाने वाढत असेल तर काटा साधारण ६६ दाखवेल, एका स्पीडला आल्यावर परत ६०, वर थांबताना कमी. फक्त डिजिटल काटा घेऊन जाऊ नका, बरेचसे आकडा एकदा पकडून धरतात. जुना गोल तबकडीचा घ्या, त्याचा काटा डोळ्यासमोर हलतो.

प्रश्न : ताई, केकसाठी पाणी मोजत होते, भांडं काट्यावर होतं. चुकून बोट पाण्यात बुडलं, तळाला लागलं नाही तरी वजन वाढलं! असं का? (डोंबिवली)

किती छान बघितलंत! पाणी तुमच्या बोटाला वर ढकलतं, विहिरीत घागर पाण्यात असेपर्यंत हलकी लागते ना, तेच. आणि पाणी बोटाला वर ढकलतं तर बोट पाण्याला तेवढंच खाली ढकलतं, आपल्या नववीतल्या दोस्ताचा तिसरा नियम, आणि तो जोर भांड्यातून काट्यावर जातो. वाढलेला आकडा म्हणजे बोटाने बाजूला सारलेल्या पाण्याचं वजन. १२ ग्रॅम वाढले तर बोटाचा बुडलेला भाग १२ मिलिलिटरचा.

आता दोऱ्याला दगड बांधून पाण्यात लोंबकळत सोडून बघा, तळाला लागू न देता. दगडाचं आधी केलेलं वजन भागिले हा वाढलेला आकडा, निघाली त्याची घनता. याच पद्धतीने सोनंही तपासता येतं. १० ग्रॅम शुद्ध सोन्याने आकडा ०.५२ ग्रॅमने वाढतो, २२ कॅरटच्या १० ग्रॅमने साधारण ०.५६ ने. पण त्यासाठी केकचा काटा चालणार नाही, १० मिलिग्रॅमपर्यंत दाखवणारा लागेल, आणि दागिना भरीव हवा, पोकळ बांगडी किंवा खड्यांचा हार असेल तर हिशोब चुकतो.